जास्वंदीवरचा मिलीबग आणि वाया गेलेले दोन महिने

मार्चअखेरीस लाल जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसाचे बारीक पुंजके दिसले. तेव्हाच कुणीतरी मला "मुंग्या आहेत का?" एवढं विचारलं असतं, तर माझे दोन महिने वाचले असते. अजून चीड येते म्हणून लिहितेय.

आम्ही कोथरूडला तळमजल्यावर राहतो. मागच्या ओट्यावर पंचवीसेक कुंड्या आहेत. ही जास्वंद खास गणपतीसाठी लावलेली, दहा दिवस घरचीच फुलं असावीत म्हणून. मी पुंजके आलेली एक फांदी पिशवीत घालून, जिथून रोप आणलं त्याच नर्सरीत नेली. तिथल्या माणसाने पिशवी उघडूनही पाहिली नाही. "खत कमी पडतंय," म्हणाला आणि पांढऱ्या दाण्यांचं खत दिलं. पंधरा दिवसांत झाडाला लुसलुशीत कोवळी पालवी फुटली आणि पुंजके दुप्पट झाले. नत्र जास्त झालं की झाड मऊ, रसरशीत होतं आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच हवं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेला सांगितलं, "ऊन वाढलंय, दोन वेळा पाणी घाला." घातलं. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. कुंडीत बोट खुपसलं तर आत नुसता चिखल. पाण्याचं एकच सांगते: वेळ ठरवून घालू नका, बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणीही ओतून टाका, डासांची पैदास तिथेच होते.

तिसऱ्या खेपेला लेबल नसलेली बाटली मिळाली. "टोपणभर लिटरला." औषधाचं नाव विचारलं तर "सगळे हेच नेतात." मी फवारलं, ही माझी चूकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चार ढालकिडे उताणे पडले होते आणि कापूस जागच्या जागी होता. या किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो, पाण्यासारखं औषध त्यावरून ओघळून जातं. मेले ते तिला खाणारे किडे. लेबल नसलेलं औषध घरात आणू नका. मुलं हात लावतात, मांजर चाटते, आणि काही झालंच तर डॉक्टरांना सांगणार काय?

तोवर पानं चिकट झाली होती, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरली होती आणि कळ्या उमलायच्या आत गळत होत्या.

जूनच्या सुरुवातीला तासगावहून मामा आले. त्यांची द्राक्षबाग आहे. चहाचा कप हातात घेऊनच ओट्यावर गेले, खोडाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मिलीबग हाय ह्यो. पर त्याच्याआधी ह्या मुंग्या थांबव." मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग वरखाली चालली होती. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, गोड चिकट रस सोडतो. त्या रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. मुंग्या आहेत तोवर निम्मी फवारणी फुकट.

मामांनी कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि एकही फांदी भिंतीला टेकत नाही ना ते बघितलं. कुंडी तिवईवर चढवून तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आजीच्या जाळीच्या कपाटाला असायच्या तशाच. पाण्यात थेंबभर तेल टाकायचं, म्हणजे डास होत नाहीत. मग पुंजक्यांनी भरलेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले. कापसासारख्या पिशव्यांत शेकडो अंडी असतात, त्यामुळे छाटलेलं कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. उरलेलं जुन्या टूथब्रशने घासून काढलं. पानाच्या देठाशी, फांदीच्या बेचक्यात, सालीच्या भेगांत हे बसतात. मामा द्राक्षाच्या खोडाची सुटी सालही याचसाठी काढून टाकतात.

फवारणी निंबोळी तेलाची, लिटरला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी तेलात थोडा पातळ साबण फेटायचा, मग कोमट पाणी. संध्याकाळी मारायचं, उन्हात पानं भाजतात. पानांची खालची बाजू सोडायची नाही. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही, पिल्लं बाहेर पडत राहतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी मारायचं. मी चार वेळा मारलं. आणि हो, आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. हे मी विसरले आणि शेजारच्या नेच्याची पानं करपली.

मामा निघताना कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे बोट दाखवून गेले. तिथे कमरेएवढं गाजरगवत. मिलीबग त्यावरही जगतो आणि वाऱ्याबरोबर त्याची पिल्लं इकडे येतात. हे तण देशात ठळकपणे लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच. प्लॉटमालकाला तीन वेळा कळवून काही हललं नाही. शेवटी त्याची परवानगी घेऊन आम्ही चौघींनी कुंपणालगतचा पट्टा फुलं यायच्या आत उपटला. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालूनच, कारण अंगाला लागलं की खाज सुटते. कुंडीतला लव्हाळा मात्र ओढून जात नाही. खालची गाठ राहते आणि आठवड्यात पुन्हा कोंब. पाणी घालून माती मऊ करा आणि खुरप्याने गाठीसकट काढा.

जुलैच्या मध्यावर पुन्हा पांढरं काहीतरी दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण हे झिपरं होतं आणि भराभर चालत होतं. ब्रश हातात होता, तरी आधी मामांना व्हिडिओ कॉल लावला. ते जवळजवळ ओरडलेच, "मारू नको! क्रिप्टो हाय ती!" क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते आणि मिलीबगच खाते. त्या दिवसापासून फवारणी बंद केली. ऑगस्टमध्ये काळपट पाठीचे, नारिंगी डोक्याचे किडे पानांवर फिरताना दिसले.

यंदा गणपतीला रोज पाच-सहा फुलं निघाली. परवा दुसऱ्या नर्सरीतून मोगरा आणलाय. तो जिन्याखाली उजेडात वेगळा ठेवलाय. पंधरा दिवस रोज पानं उलटून बघणार आणि मगच ओट्यावर नेणार.