तीन थेंब

रात्री साडेदहाच्या सुमारास ओटा पुसून झाला, सिलिंडरचा कॉक बंद केला आणि दाराला कडी घातली की मी बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहते. चेहरा धुऊन टॉवेलने नुसता टिपते, अगदी कोरडा करत नाही. त्या ओलसर त्वचेवर मटारच्या दाण्याएवढे मॉइश्चरायझर लावते, ते जिरेपर्यंत दात घासून घेते आणि मग कपाटातून एक तपकिरी काचेची बाटली काढते. ड्रॉपरचे रबर हलकेच दाबून तळहातावर मोजून तीन थेंब सोडायचे, तळहातावर तळहात ठेवून ते कोमट करायचे आणि गाल, कपाळ, हनुवटी, मान अशा क्रमाने हात नुसते टेकवत जायचे. चोळायचे नाही. चोळले की तेल तळहातच पितात आणि चेहऱ्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही, हे मला एक अख्खी बाटली संपल्यावर कळले.

वयाची सोळा ते तीस ही वर्षे मी चेहऱ्यावरचे तेल काढण्यात घालवली होती, हे लक्षात घेतले तर या तीन थेंबांची गंमत कळेल. माझे माहेर रत्नागिरीचे. तिथल्या दमट हवेत कपाळ सदा ओशट असायचे आणि त्यात आई शनिवारी डोक्यावर वाटीभर तेल थापून दोन घट्ट वेण्या घालायची. ते तेल दुपारपर्यंत कानशिलांवर उतरायचे. कॉलेजच्या प्रत्येक फोटोत माझ्या नाकाच्या शेंड्यावर दिवा लावल्यासारखी चकाकी आहे. डाळीचे पीठ झाले, मुलतानी माती झाली, लिंबू पिळून डोळ्यांची आगही झाली, पण नाकावरचा दिवा काही विझला नाही.

तो पन्नाशीनंतर आपोआप विझला. पाळी थांबल्यानंतर बायकांच्या त्वचेतल्या तैलग्रंथींचे काम मंदावते, आणि लग्नानंतर मी राहायला आले ते नाशिकला, जिथे जानेवारीतली पहाट कोकणातल्या माणसाला परदेशच वाटते. हवा कोरडी, त्यात कढत पाण्याची अंघोळ. तोंड धुतल्यावर गाल असे ओढल्यासारखे होऊ लागले की हसतानासुद्धा विचार करावा लागे. जे पुसून पुसून कंटाळले होते, ते आता विकत आणायची वेळ आली.

अर्थात आधी विकत आणले नाहीच. घरात खोबरेल असताना दुसरे तेल कशाला, असा आमचा कोकणी बाणा. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजते, म्हणून बाटली गरम पाण्यात धरून रोज रात्री चांगले चमचाभर तेल कोरड्या चेहऱ्यावर चोपडत राहिले. पंधरा दिवसांत हनुवटीवर टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या पुळ्या आल्या आणि नाकपुड्यांच्या कडेला लालसर खवले धरले. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, डोक्यात कोंडा होतो ना तुमच्या? मग त्याच कोंड्याला तुम्ही रात्री चेहऱ्यावर जेवायला बोलावताय." आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाचे एक यीस्ट राहते आणि तेलातल्या मेदाम्लांवर ते पोसते. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते, ते जंतूंना मारक म्हणून नावाजलेले आहे. पण बाकीची मेजवानी या पाहुण्याला पुरून उरते. शिवाय हेच खोबरेल माझ्या जावेच्या चेहऱ्याला वर्षानुवर्षे मानवते आहे, तेव्हा दोष तेलाला तरी किती द्यायचा!

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. तेल लावले की कोरडेपणा जातो, हे मी गृहीत धरले होते. तेलात पाण्याचा अंशही नसतो, त्यामुळे तहानलेल्या त्वचेला ते पाजणार तरी काय? वरच्या थराच्या पेशींमधल्या फटी लिंपून, आतले पाणी वाफ होऊन निसटते त्या वाटेवर ते झाकण ठेवते, एवढेच त्याचे काम. भांडे रिकामे असताना झाकण कितीही घट्ट बसवले तरी उपयोग नाही, म्हणून आधी ओलावा आणि शेवटी तेल. रात्रीचीच वेळ का, याला माझ्यापुरते एक साधे कारण आहे: दिवसा तेल लावले की नाशिकची धूळ गालांवर वस्तीला येते. पण त्वचेतून निसटणारे पाणी दिवसापेक्षा रात्री अधिक असते, हेही मोजून पाहिलेले आहे, म्हणजे झाकणाची गरजही रात्रीच जास्त.

आता बाटलीत काय आहे ते सांगते. दुकानात आधी माझा हात कुंकुमादि तैलाकडे गेला होता. केशर, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, चंदन अशी यादी, बूड तिळाच्या तेलाचे आणि पाठात चक्क शेळीचे दूध. नुसते वाचूनच अर्धे तेज चढते. पण खोक्यावर उजळपणाचे वचन होते आणि या वयात मला गोरे व्हायचे नव्हते, फक्त हसायचे होते. शेवटी आणला जोजोबा. हे मूळचे अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातले झुडूप, आता राजस्थानातही लावतात. याच्या बियांतून निघते ते रूढ अर्थाने तेलही नव्हे, पातळ मेण आहे. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलातही साधारण चौथा हिस्सा असल्याच मेणाचा असतो. १९७०च्या सुमारास अमेरिकेने देवमाशाच्या तेलावर बंदी घातली, तेव्हा त्याची जागा भरून काढायला हे झुडूप पुढे आले. रोज रात्री गालाला हात टेकवताना एखादा देवमासा वाचल्याचे पुण्य मी निष्कारण स्वतःच्या खात्यावर जमा करते.

तीस मिलिलिटरला साडेसातशे रुपये, म्हणजे लिटरला पंचवीस हजार. हा हिशेब घरात मोठ्याने करायचा नसतो. मी तो दुसऱ्या बाजूने करते: मिलिलिटरला वीस थेंब धरले तर बाटलीत सहाशे, रोजचे तीन, म्हणजे दोनशे रात्री, आणि रात्रीला पावणेचार रुपये. सिग्नलवरचा गजराही एवढ्यात येत नाही. उशीच्या अभ्र्याचा खर्च मात्र यात धरलेला नाही. उजव्या कुशीवर झोपायची सवय असल्यामुळे त्यावर गालाच्या आकाराचा पिवळट डाग पडला आहे. भांड्याचा साबण चोळून तासभर ठेवला तर तो फिका होतो, जात नाही.

परवा हे टाचा चोळत आले आणि बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यातले जरा दे की, भेगा पडल्यात." मी बाटली कपाटात ठेवून फडताळातून आमसुलाच्या तेलाचा गोळा काढला. मे महिन्यात माहेरी कोकमे फोडली की त्यांच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारे तेल काढून हाताने त्याचे असे गोळे वळतात. अंगाच्या उबेनेही तो सहज वितळत नाही. चिखलात भातलावणी केलेल्या पायांना आजी रात्री हेच लावायची. मी सुरीने तुकडा कापून पळीत घातला आणि पळी गॅसवर धरली. कडेने आधी पारदर्शक झाला, मग मधला पांढरा ठिपका विरघळला.

"पाय पुढे करा," मी म्हटले, "आणि मोजे घालून झोपा. चादरी परवाच धुतल्यात."