संध्याकाळचा आडोसा आणि पहाटेचा वारा

दिवाळे कोळीवाड्यातून शिडाची छोटी बोट घेऊन रेवदंड्याकडे निघालो की पहिली रात्र आम्ही बहुधा धरमतर खाडीच्या तोंडाशी, रेवसच्या बाजूला काढतो. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो, तेव्हा मांडव्याकडची जमीन त्याला अडवते आणि काठालगतचे पाणी अगदी निवांत दिसते. परंतु पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, पूर्वेकडून सुटतो आणि ज्या काठाने संध्याकाळी आडोसा दिलेला असतो, त्याच काठाकडे बोट ढकलली जाऊ लागते. त्यामुळे मी काठाच्या कुशीत शिरत नाही. थोडा हेलकावा सोसून मोकळ्या पाण्यात नांगर टाकते.

काठापासून दूर राहायला मी एका अष्टमीला शिकले. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास. आम्ही नेमके तेव्हाच, जेमतेम दोन मीटर पाण्यात नांगर टाकला. भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असूनही मध्यरात्री पाणी इतके उतरले की बोट चिखलात कलंडली आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत आम्हाला तशीच कड धरून बसावे लागले.

पौर्णिमा-अमावास्येला गणित उलटे होते. संध्याकाळी सहाला ओहोटी असते आणि मध्यरात्रीपर्यंत पाणी चार मीटरही चढू शकते. नांगर टाकताना खोली तीन मीटर असेल, तर रात्रीची सात आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची एक मिळून आठ मीटर धरावे व त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी सोडावी; दोरच असेल तर सातपट. पहाटे पाणी उतरल्यावर एवढ्या साखळीवर बोट फार मोठा फेर घेते, तेव्हा तेवढ्या परिघात दुसरी होडी, खडक किंवा डोल जाळी (मासेमारीची पिशवीसारखी जाळी) बांधायचे खुंट नसावेत. खुंट भरतीत दिसत नाहीत, म्हणून जवळच्या मचव्यावरील (मासेमारी होडीवरील) तांडेलांना, म्हणजे नाखव्यांना विचारल्याशिवाय मी जागा पक्की करत नाही.

तळाच्या चिखलात नांगर चांगला रुततो, मात्र वरचा थर पातळ असल्याने इंजिन मागे चालवून ताण देऊन पाहावा लागतो. त्यानंतर बोट सरकली तर कळावे म्हणून काठावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेवते, नांगरलेल्या बोटीचा पांढरा दिवा लावते आणि मतलई सुटण्याच्या वेळेचा गजर लावून झोपते.