अकरा तारीख, वीस तारीख आणि निळी कमान

अकरा तारीख जवळ आली की माझी मान आधी बोलायला लागते. जीएसटीची रिटर्न भरायची असतात, अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी. महापेच्या ऑफिसात दिवसभर खाली मान घालून पोर्टल आणि बिलं. चारच्या सुमारास कपाळाभोवती कुणी फडकं करकचून बांधल्यासारखं होतं. ठणका नाही, मळमळ नाही, नुसता दाब, तोही दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांनी टेन्शन हेडेक ठरवलं आणि नौपाड्यातल्या फिजिओंकडे पाठवलं.

बाईंनी कवटीच्या खालच्या कडेला अंगठा दाबला. कळ थेट डोळ्यामागे! तिथले छोटे स्नायू आखडले की दुखणं वर चढतं म्हणे. पाचेक किलोचं डोकं पुढे झुकवून बसलं की सगळा भार त्यांच्यावरच.

मग गोखले रोडवरून निळ्या फोमची कमान आणली. वापरायची सतरंजीवर, गादी दबते, काही उपयोग होत नाही. गुडघे वाकवून आडवं व्हायचं, कमान मानेखाली, खांद्याखाली नाही. डोक्याच्या वजनानेच मान हलकी ताणली जाते. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच, मग हळूहळू दहापर्यंत. त्यावर झोपून जायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर मी पडून राहते, आणि उठताना दाब बराच उतरलेला असतो. दुखणं मुळातून जातं असं मात्र मी म्हणणार नाही.

सासऱ्यांचा मानेचा पट्टा घरात होताच. बाईंनी साफ नाही सांगितलं; दिवसभर बांधला तर मान आळशी होते. प्रवासातल्या उशीचंही एक सांगते. ठाण्याहून गाडी सुटते, त्यामुळे बसायला मिळतं आणि डुलकी लागते. मागून जाड असलेली उशी डोकं पुढेच ढकलते. मी ती उलटी घालते, जाड बाजू हनुवटीखाली. लोक बघतात, बघू देत.

गोळ्या जपून. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साध्या पेनकिलर घेत राहिलं तर त्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं. आणि हाताला मुंग्या, तापासोबत आखडलेली मान किंवा अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी असेल तर कमान-बिमान नको, सरळ डॉक्टर गाठा.

खरा फरक पडला तो लॅपटॉप उचलल्यावर. कीबोर्ड वेगळा घेतला आणि स्क्रीन डोळ्यांसमोर येईल इतक्या जुन्या बॉक्स फाइली खाली रचल्या. ऑडिटवाले आले तरी त्या हलवायच्या नाहीत, असं शिपायाला बजावून ठेवलंय.