अर्ज किती आले ते आधी सांगा

संस्थेची निवडणूक म्हटलं की सगळे मतदानाच्या दिवसाबद्दल बोलतात, पण मला विचाराल तर माघारीची मुदत संपली की बराचसा खेळ तिथेच आटोपलेला असतो.

क्रम तसा सरळ आहे. घटनेत किंवा पोटनियमांत असेल त्याप्रमाणे निवडणूक अधिकारी नेमायचा (जो स्वतः उभा नाही असा, हे लिहून ठेवावं लागतं हेच नवल), मतदार यादी लावायची, मग अर्ज, छाननी, माघार, आणि जागांपेक्षा जास्त लोक उरलेच तर मतदान. अर्जावर उमेदवाराची संमती आणि बऱ्याच ठिकाणी एक सूचक, एक अनुमोदक. ही दोन नावं लोक इतकी हलक्यात घेतात की बस, शेजारच्याकडे कागद सरकवायचा, कर रे सही, झालं. आणि छाननीत नेमकं तिथेच घोडं अडतं. उमेदवार चोख, पण अनुमोदकाची वर्गणी थकलेली, म्हणजे तो मतदार यादीतच नाही, म्हणजे अर्ज बाद. नाहीतर एकाच माणसाने एकाच पदासाठी दोघांना सूचक म्हणून सही दिलेली आणि नियमात ते बसत नाही. मग आरडाओरडा, मुद्दाम बाद केला म्हणून. चार निवडणुका बघितलेली माणसं म्हणूनच शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाहीत, आणि नियमात चालत असेल तर वेगवेगळे सूचक-अनुमोदक घेऊन दोन अर्ज भरून ठेवतात.

ही सूचक-अनुमोदक भानगड सगळीकडे नसते बरं का. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनिअरने १८७६ मध्ये सभेच्या कामकाजाचे नियम छापले, तिकडच्या कितीतरी संस्था आजही त्याच्याच सुधारित आवृत्तीवर चालतात, आणि त्यात नाव सुचवलं की पुरे, अनुमोदन लागत नाही. नामांकन समितीने तयार यादी आणली तरी अध्यक्षांनी सभेला विचारायचंच, अजून कोणाचं नाव आहे का. हे मला फार पटतं, कारण समिती नेमणारे आणि समितीच्या यादीत येणारे यांची आपापसात चांगलीच ओळख असते, पुढे काय ते समजून घ्या.

अजून एक गोष्ट नवीन सभासदांना उशिरा कळते. बऱ्याच संस्थांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांना तुम्ही थेट मत देतच नाही, तुम्ही कार्यकारिणी निवडता आणि ती पहिल्या बैठकीत आपल्यातूनच पदाधिकारी ठरवते. म्हणजे सर्वात जास्त मतं मिळालेला माणूस साधा सदस्य राहू शकतो आणि काठावर आलेला अध्यक्ष होऊ शकतो, नियमाने त्यात काही चूक नाही.

आता बिनविरोध. 'आमच्याकडे सगळं बिनविरोध झालं' असं छाती फुगवून सांगतात, पण कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की कोणाला यायचंच नव्हतं. खजिनदारकीचा अर्ज कोण भरणार विचारलं की सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागतात. डेबियन हा स्वयंसेवकांचा सॉफ्टवेअर प्रकल्प आहे, ते दरवर्षी आपला लीडर निवडतात, तर २०१९ मध्ये मुदत संपली तरी एकही नाव आलं नाही. पण त्यांच्या घटनेत सोय आहे, कोणीच नसेल तर मुदत एक आठवडा वाढवायची, तशी वाढवली आणि मग उमेदवार आले. शिवाय मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही पर्याय असतो, त्याला हरवता आलं नाही तर एकटा उमेदवारसुद्धा पडतो. एकटा असला तरी मतदान घ्या, असं माझंही म्हणणं आहे, लोक मला किचकट म्हणतात, म्हणोत.

समसमान मतं पडली तर चिठ्ठी, अध्यक्षांचं निर्णायक मत की फेरमतदान, हेही आधीच लिहिलेलं हवं. निकाल लागल्यावर ठरवायला बसलात तर ज्याचे लोक सभागृहात जास्त त्याचीच पद्धत योग्य ठरते.