जिमला सुट्टी दिली की कमावलेलं जातं का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी वर्षातून दोन-तीनदा ठरवून वजनांना हात लावत नाही, कधी आठवडाभर, कधी थोडं जास्त. हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "एवढं कमावलेलं जात नाही का?" आणि पाठोपाठ, "मग परत सुरू कसं करता?" पहिल्या प्रश्नाची लोक फार काळजी करतात. दुसऱ्याची करायला हवी तेवढी करत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

नियमित वजनं उचलणाऱ्याची ताकद दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत जवळजवळ तशीच राहते. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी आरशात दंड उतरल्यासारखा दिसतो. तो भास नसतो, पण स्नायू झिजलाय असंही नसतं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. व्यायाम थांबला की हा साठा घटतो, सोबतचं पाणी जातं आणि भरीवपणा कमी होतो. पुन्हा सुरुवात केली की थोड्याच दिवसांत तो परत येतो. दम मात्र ताकदीच्या आधी जातो, कारण व्यायाम थांबल्यावर रक्तातला द्रवभाग लवकर घटायला लागतो. म्हणून परतल्यावर वजन उचललं जातं, पण सेट, म्हणजे न थांबता मारलेल्या रेप्सची एक फेरी, संपताना धाप लागते.

जपानमध्ये २०१३ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. एका गटाने २४ आठवडे सलग बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन वजन छातीवरून वर ढकलणं) केला. दुसऱ्याने ६ आठवडे व्यायाम आणि ३ आठवडे सुट्टी असं आलटून पालटून केलं. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची वाढ सारखीच भरली. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात २०२४ साली तर मध्ये तब्बल १० आठवड्यांची सुट्टी दिली होती. तिथे ताकदीपेक्षा स्नायूंचा आकार जास्त घटला, पण परतल्यावर साधारण ५ आठवड्यांत सगळे सुट्टीआधीच्या पातळीवर आले. दोन्हीकडची मंडळी वेट ट्रेनिंगला नवखी होती, हे लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं कसून उचलणाऱ्याने १० आठवडे थांबावं असा त्याचा अर्थ नाही.

वय मात्र मोजायला हवं. अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात १६ आठवडे व्यायाम करून घेतल्यावर तो पार एक नवमांशावर आणला. विशी-तिशीतल्यांच्या स्नायूंचा आकार तेवढ्यावरही टिकला, साठीपुढच्यांचा टिकला नाही. म्हणून माझ्याहून वडीलधाऱ्यांना मी पूर्ण सुट्टी सुचवत नाही. सेट कमी करा, वजन हलकं करा, पण जात राहा.

सुट्टी घ्यायचीच कशाला, असंही विचारतात. माझ्यासाठी मुख्य कारण सांधे. स्नायू भराभर जुळवून घेतो, पण त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी असतो आणि तो मजबूत व्हायला महिने लागतात. आठ-दहा आठवडे जोर लावून झाले की कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीखाली जी ठणक लागते, ती बहुतेक या ओढाताणीची असते. वॉर्मअपचं वजनही जड वाटू लागलं, झोप तुटू लागली, की मी दुखापत होईपर्यंत वाट बघत नाही. प्रवास, परीक्षा, घरातलं कार्य असं काही समोर दिसत असेल तर सुट्टी तिथेच बसवते. त्या दिवसांत भरपूर चालते आणि प्रथिनं अजिबात कमी करत नाही. व्यायाम बंद म्हणून जेवणही निम्मं करणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं, कारण स्नायू घटायला तेच मोठं निमित्त होतं.

आता परतण्याबद्दल. सुट्टीनंतर अंग ताजं असतं, उत्साह असतो आणि जुना आकडा डोक्यात पक्का असतो. तो आकडा बहुधा उचललाही जातो, आणि धोका नेमका तिथेच आहे. नेमाने व्यायाम करताना स्नायूंना एक संरक्षण मिळालेलं असतं, त्यामुळे तीच मेहनत फारशी दुखत नाही. खंड जितका लांबतो तितकं हे संरक्षण विरतं. दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी "काहीच वाटत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी वाढवू नका.

आठवड्याच्या सुट्टीनंतर मी पहिले दोन-तीन दिवस जुन्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास राहते. सेट निम्मे, आणि प्रत्येक सेटमध्ये आणखी चार रेप्स (वजन वर-खाली करण्याच्या खेपा) निघतील अशा जागी थांबते. वजन खाली आणताना मुद्दाम वेळ लावत नाही, कारण सगळ्यात जास्त दुखावतो तो हाच टप्पा. खंड महिन्याचा असेल तर निम्म्यावरून सुरुवात करते आणि दोन-तीन आठवडे घेते. ट्रेनरने पहिल्याच दिवशी दमून पडेपर्यंत रेप्स मारायला लावले तर स्पष्ट नाही म्हणा. अशा अतिरेकाने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा अंग नेहमीपेक्षा फार सुजून दुखू लागलं, तर व्यायाम बंद करा आणि वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हा सगळा हिशोब धडधाकट असताना घेतलेल्या सुट्टीचा आहे. ताप, शस्त्रक्रिया किंवा दुखापतीमुळे थांबला असाल तर तो लावू नका. तिथे किती वजनाने आणि कधी सुरुवात करायची, हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा.