मिशिगनमधली शेकोटी आणि आजी-आजोबांच्या गोष्टी

मिशिगनच्या स्टेट पार्कात कॅम्पिंगला जायचं म्हटलं की मराठी घरं जून-जुलैच्या तारखा धरतात, कारण मुलांना सुट्टी असते. पण शेकोटीभोवती गप्पा रंगवायच्या असतील तर हे दिवस अडचणीचे. जूनअखेरीस डेट्रॉईटच्या बाजूला सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, नीट अंधार पडेपर्यंत दहा वाजतात आणि दहालाच कॅम्पग्राउंडची शांततेची वेळ सुरू होते. आजोबा जरा खुलतायत तोवर आवाज खाली आणावा लागतो. शिवाय डास. सप्टेंबरच्या मध्यात पावणेआठलाच सूर्यास्त होतो, गारठ्यात धग हवीशी वाटते आणि एप्रिल-मेमध्ये भारतातून आलेले आई-बाबा बहुधा अजून इथेच असतात.

सरपण घरून नेऊ नका. २००२ साली डेट्रॉईटजवळ ‘एमराल्ड अ‍ॅश बोअरर’ नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली पोखरत जातात. कोट्यवधी झाडं त्यात मेली, आणि कीड दूरवर पोचली ती बरीचशी गाडीतून नेलेल्या सरपणातून. म्हणून जिथे जाळायचं तिथलंच लाकूड विकत घ्यायचं. एका मोळीत पाच-सहा ढलप्या असतात, त्या दीड-दोन तास पुरतात. संध्याकाळभरासाठी तीन मोळ्या लागतात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: टण्ण वाजलं तर सुकं, थप्प वाजलं तर ओलं. ओल्या लाकडाच्या धुराने सगळ्यात आधी आजीच उठून तंबूत जाते.

मोळीत बारीक काटक्या नसतात, आणि पार्कातून गोळा करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. तेव्हा छोटी कुऱ्हाड न्या आणि दोन ढलप्या बोटाएवढ्या चिरून घ्या. शेकोटीसाठी बसवलेल्या लोखंडी कड्याच्या मधोमध चुरगळलेला कागद, त्यावर आडव्या-उभ्या काटक्या, त्या धडधडल्या की मगच जाड लाकूड. बहुतेकांची शेकोटी विझते ती ओंडके आधी रचल्यामुळे, नाहीतर इतके दाटीने रचल्यामुळे की हवा आतच जात नाही. रॉकेल-पेट्रोल अजिबात ओतायचं नाही.

सूर्यास्ताआधी तासभर पेटवा. ज्वाळा उंच असतात तेव्हा पोरं काड्या खुपसत असतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. निखारे धरले, उजेड चेहऱ्यापुरता उरला, की बोलणं आपोआप संथ होतं. तेव्हापासून एका वेळी एकच ओकची ढलपी सरकवायची. पाइन तडतडतं, ठिणग्या उडवतं. नायलॉनच्या जॅकेटला भोकं पडतात. आजीला सुती किंवा लोकरी शाल द्या, आणि पाठीची उंच खुर्ची. कॅम्पिंगच्या बुटक्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठवत नाही. वारा पाठीमागून येईल अशी तिची जागा ठेवा.

“तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगा ना” म्हटलं की उत्तर येतं, “काय सांगू, साधंच होतं सगळं.” प्रश्न वस्तूला चिकटलेला हवा. पाणी कुठून भरायचात? दिवे गेले की कंदिलाची काच कोण पुसायचं? शाळेच्या वाटेवर कुणाच्या घरचं कुत्रं मागे लागायचं? हुरड्याच्या आगटीत कणसं कोण भाजायचं? नातवाला आगटी माहीत नसते, तो मध्येच विचारतो, “म्हणजे हेच?” आणि आजोबा काठीने राखेत खड्डा करून दाखवायला लागतात. अशा वेळी इंग्रजीत भाषांतर करायची घाई करू नका. अडलेला शब्द पोर स्वतः विचारेल.

आवाज रेकॉर्ड करायचा तर फोन आजोबांच्या खिशात ठेवा. शेकोटीजवळ ठेवला तर नुसती तडतड ऐकू येते.

भाजायला रताळी उत्तम: फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांत पाऊण तास, मध्ये एकदा उलटायची. इथलं मक्याचं कणीस गोड आणि कोवळं, आपल्या भुट्ट्याच्या निम्म्या वेळात होतं. मार्शमेलोत जिलेटिन असतं, शाकाहारी घरांनी पाकीट वाचून घ्यावं.

झोपायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं थांबवा. मग बादलीभर पाणी हळूहळू ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. नुसती माती लोटली तर निखारे खाली सकाळपर्यंत जिवंत राहतात. हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर अजून एक बादली.