71 चं वर्ष, आमची नववी आणि भिंगार कॅम्प

1971 म्हटलं की सगळ्यांना ढाक्याचा तो फोटो आठवतो, टेबलाशी बसून सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि शेजारी आपले जनरल अरोरा. बरोबरच आहे, सुमारे 93 हजार पाकिस्तानी शरण आले, बांगलादेश हा नवीन देश जन्माला आला. पण मला शाळेच्या स्मरणिकेत लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. त्या युद्धाचा एक धागा आपल्या नगरमधून (आताचं अहिल्यानगर), शाळेपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरच्या भिंगारच्या लष्करी कॅम्पातून गेलेला आहे आणि आजच्या मुलांना तो कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी तेव्हा नववीत होते. रणगाड्यांचं ट्रेनिंग देणारी आर्मर्ड कोअरची शाळा भिंगारला असल्यामुळे वर्गात कॅम्पातल्या मुली असायच्याच, वडलांची बदली झाली की जायच्या, नवीन यायच्या. के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानावर, फायरिंग चालू असलं की वर्गात धडाम धडाम ऐकू यायचं, बाई क्षणभर थांबायच्या आणि परत शिकवायला लागायच्या, आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही.

ते वर्षच विलक्षण होतं हो. मार्चमध्ये इंदिराबाई प्रचंड बहुमतानं निवडून आल्या आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेला रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्करानं आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या. मग निर्वासित यायला लागले, लाख म्हणता म्हणता कोटीच्या घरात आकडा गेला. ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झाला, त्याच महिन्यात वाडेकरांच्या टीमनं ओव्हलला इंग्लंडला हरवलं. मुलांना अर्थातच ओव्हल जास्त महत्त्वाचं होतं. नोव्हेंबरपासून पत्रावर 5 पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर निर्वासित मदतीचा शिक्का छापलेला, म्हणजे गावाला आजीला लिफाफा पाठवला तरी तिकडच्या माणसांसाठी 5 पैसे जायचे. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर पूर्व पाकिस्तानचा नकाशा काढून ठेवलेला, जेसोर, खुलना, सिल्हेट, तो कुणी पुसायचा नाही असा नियमच होता.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मूळची साताऱ्याकडची. तिचे वडील ई.एम.ई.मध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात हवालदार, रणगाड्यांच्या इंजिनांचं काम करायचे. दिवाळीनंतर ते गेले. कुठं गेले ते घरात कुणालाच माहीत नाही, पत्ता नुसता 56 ए.पी.ओ., म्हणजे लष्करी पोस्टाचा नंबर, त्यात ना गाव ना जिल्हा. मला ते फार विचित्र वाटायचं, की माणूस आहे पण कुठं आहे ते विचारायचं नाही. तिची आई पत्र लिहायची आणि आम्ही दोघी ते पोस्टात टाकायला जायचो.

3 डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि रात्री उशिरा इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून नगरमध्ये पण खिडक्यांना काळा कागद, सायकलच्या दिव्याला वरून अर्धा काळा रंग. आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजारच्या काकांकडे सगळी गल्ली जमायची. अमेरिकेचं सातवं आरमार निघालंय म्हटल्यावर मोठी माणसंसुद्धा गप्प झालेली मी पाहिली. 16 तारखेला ढाका पडल्याची बातमी आली आणि लोक रस्त्यावर, पेढे, गुलाल, सगळं काही. मैत्रीण मात्र नाचली नाही. पश्चिमेकडची लढाई अजून चालूच होती ना, ती दुसऱ्या दिवशी रात्री 8 ला थांबली.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला, जूनमध्ये कमिशन मिळून पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झालेला, तो त्या वर्षी भिंगारलाच यंग ऑफिसर्स कोर्स करत होता. म्हणजे आम्ही वर्गात ऐकायचो त्या धडाममध्ये त्याच्या तोफेचापण आवाज असेल. युद्धाची चिन्हं दिसायला लागल्यावर कोर्स अर्धवट टाकून त्याला रेजिमेंटमध्ये बोलावलं. जाताना दिल्लीला घरी गेला तेव्हा गोल्फच्या काठ्या बरोबर घेतल्या, लाहोरला खेळेन म्हणाला. पश्चिम आघाडीवर बसंतर नदीच्या लढाईत सुरुंग पूर्ण काढून व्हायच्या आत पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे पलीकडे घुसले. 16 डिसेंबरला समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले, त्याचा रणगाडा पेटला, बाहेर पड असा वायरलेसवर हुकूम आला तर हा म्हणतो माझी गन अजून चालतेय, आणि लढत राहिला, तिथंच गेला. 21 वर्षं वय. आपल्या अकरावीच्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा! इकडं आम्ही गुलाल उधळत होतो तोच दिवस. त्याला परमवीरचक्र मिळालं. त्याच भागात लढलेल्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर अरुणकुमार वैद्य, आपले मराठी, त्यांना त्या लढाईसाठी दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं, पुढे ते लष्करप्रमुख झाले.

हे सगळं मला कळलं ते कितीतरी वर्षांनी, वाचून. शाळेत असताना आम्हाला फक्त इतकंच कळलं की मैत्रिणीचे वडील जानेवारीत सुखरूप परत आले, वाळून गेलेले, आणि आईनं आम्हाला दोघींना शिरा खायला घातला. उन्हाळ्यात त्यांची बदली झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत झाली. बबिन्याहून तिची पत्रं दोन-तीन वर्षं येत होती. त्यातच 72 च्या दुष्काळानं नगर जिल्ह्याला असं पिळून काढलं की युद्धाचं बोलणंच मागं पडलं.

खेत्रपालचा तो फामागुस्ता नावाचा रणगाडा दुरुस्त करून नगरलाच आर्मर्ड कोअरच्या शाळेत जपून ठेवलाय. 1994 पासून आपल्याकडे रणगाडा म्युझियम आहे, मुंबई-पुण्याची माणसं मुद्दाम बघायला येतात आणि आपल्या शाळेतली कितीतरी मुलं तिथं कधी गेलेलीच नाहीत. मुख्याध्यापकांना माझी मनापासून विनंती आहे की दरवर्षी 16 डिसेंबरच्या आसपास नववीच्या मुलांना तिथं न्या, आणि कॅम्पाकडून परवानगी मिळाली तर फामागुस्ता पण दाखवा. बसचा खर्च आम्ही 74 च्या बॅचचे लोक करू, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं ठरलंय. बरोबर यायला आणि मुलांना सांगायला मी तयार आहे.